फ्लॅशचा सॉफ्टबॉक्स एलईडीला चालेल का?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी हाताने दागिने घडवते आणि त्यांचे फोटोही स्वतःच काढते. माझ्याकडे २०० ज्यूलचे दोन स्टुडिओ फ्लॅश आहेत. सोबत ९० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स, म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, ६० बाय ९० चा सॉफ्टबॉक्स, एक पांढरी छत्री, ब्युटी डिश, स्नूट आणि दोन साधे लाईट स्टँड. आता सगळ्यांना व्हिडिओ हवे असतात, म्हणून एक कंटिन्युअस लाईट, म्हणजे सतत पेटलेला राहणारा दिवा, घ्यायचं ठरवलं आहे. विक्रेता म्हणतो, एलईडीचा सगळा संच वेगळा घ्या. ओळखीचे एक जुने छायाचित्रकार म्हणाले, फ्लॅशचा सॉफ्टबॉक्स कंटिन्युअसला लावू नका, जळेल. तिसरा म्हणतो, सगळं सगळ्याला लागतं, बिनधास्त घ्या. माझा स्टुडिओ म्हणजे घरातली एक खोली. दोन-दोन संच ठेवायला जागाच नाही. कुणाचं ऐकू?"

उत्तर:

वेगळा संच घेऊ नका. तुमच्याकडे आहे त्यातलं स्नूट, म्हणजे झोत आवळणारी निमुळती नळी, सोडलं तर बाकी सगळं एलईडीवर वापरता येईल. ब्युटी डिशकडून, त्या थाळीसारख्या रिफ्लेक्टरकडून, मात्र फ्लॅशसारखा परिणाम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दिव्याखेरीज आणखी काही घ्यायचं असेल, तर एक भक्कम स्टँड घ्या. त्या तिघांचं म्हणणं मी अजिबात उडवून लावत नाही. प्रत्येकाला खऱ्याचा एकेक तुकडा सापडलेला आहे.

"जळेल" म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करते, कारण ती भीती खरी आहे, फक्त दिवा दुसरा आहे. एलईडी येण्याआधी कंटिन्युअस लाईट म्हणजे बहुतेक वेळा हॅलोजन. ६५० किंवा १००० वॅटचा बल्ब, आणि खाल्लेल्या विजेतला मोठा हिस्सा तो उष्णता म्हणून थेट समोर फेकणार. सॉफ्टबॉक्स म्हणजे प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी, आणि फ्लॅशची ती पेटी शिवलेली असते ती मॉडेलिंग लॅम्पच्या, म्हणजे प्रकाश कुठे पडेल ते दाखवणाऱ्या फ्लॅशमधल्या छोट्या दिव्याच्या, हिशोबाने. म्हणजे १५० वॅट, फार तर २५० वॅट. शिकत असताना मी एका मुलाखतीच्या चित्रीकरणात १००० वॅटच्या हॅलोजनवर फ्लॅशचा सॉफ्टबॉक्स चढवला होता. बोलणं रंगात आलं होतं, आणि पॉलिस्टरवर तापलेली इस्त्री टेकली की येतो तसा वास सुटला. दिवा बंद करून पुढचा पडदा सोडला तर आतला पडदा मधोमध बशीएवढा तपकिरी झालेला. वरच्या बाजूचं कापड आकसलं होतं आणि चंदेरी अस्तर फुगून सुटलं होतं. सॉफ्टबॉक्स दिव्याला जोडणारी रिंग इतकी तापली होती की बराच वेळ तिला हात लावता आला नाही. कुणाला इजा झाली नाही, पण समोर बसलेल्या बाईंच्या डोक्यावर ते कापड होतं, हे मी अजून विसरलेले नाही. हॅलोजनसाठी उष्णता सोसणाऱ्या कापडाचे, वर-खाली झरोके असलेले सॉफ्टबॉक्स वेगळे मिळतात. तुमचे ते नाहीत. तेव्हा कुणी जुना हॅलोजन देऊ केला, तर तुमच्या सॉफ्टबॉक्समध्ये तो कधीही घालू नका. तुमचे स्नेही दुधाने पोळलेले आहेत म्हणून ताकही फुंकून पिताहेत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

एलईडीचं तसं नाही. त्यातही बरीच वीज उष्णतेत जाते, पण ती चिपच्या पाठीमागच्या धातूच्या पट्ट्यांत उतरते आणि पंखा तिला बाहेर ढकलतो. समोर येतो तो बहुतांशी नुसता प्रकाश. म्हणून १०० ते ३०० वॅटच्या एलईडीवर फ्लॅशचा सॉफ्टबॉक्स बिनघोर चालतो. अट एकच, दिव्याच्या अंगावरचे झरोके झाकायचे नाहीत. काही सॉफ्टबॉक्सना मागच्या बाजूला प्रकाश गळू नये म्हणून कापडाची झालर असते. ती फ्लॅशवर ओढून घेतली तरी चालते. एलईडीवर ओढलीत तर पंखा आपलीच गरम हवा पुन्हा आत घेत राहतो. मग पंखा मोठ्याने घोंघावतो, दिवा आपणहून मंद होतो किंवा बंद पडतो, आणि व्हिडिओच्या आवाजात ती घरघर उतरते. झालर मागे दुमडून ठेवा.

स्नूट बाजूला काढायला सांगितलं त्याचं कारणही उष्णताच. फ्लॅशचा लखलखाट क्षणाचा असतो, त्याने निमुळत्या नळीत कितीही धडका मारल्या तरी नळी तापत नाही. एलईडी सतत जळतो. नळीतून बाहेर जातो त्याहून कितीतरी जास्त प्रकाश आतच अडतो आणि उलटून चिपवर येतो. दिव्याच्या माहितीपत्रकात स्नूट चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच लावा, नाहीतर ते फ्लॅशपुरतं ठेवा. रंगीत जिलेटिनचंही तसंच. फ्लॅशच्या तोंडावर चिकटवलेला पातळ रंगीत कागद वर्षानुवर्षं टिकतो, तोच एलईडीच्या चिपजवळ धरला तर सुरकुततो, कधी वितळतो. तो दिव्यापासून लांब, सॉफ्टबॉक्सच्या बाहेर धरायचा.

आता सांध्याकडे येऊ. सॉफ्टबॉक्स दिव्याला बसतो तो रिंगमुळे, आणि रिंगचे प्रकार आहेत. तुमच्या फ्लॅशची रिंग कोणती, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. सॉफ्टबॉक्स काढून रिंगच्या मागे बघा. तीन दाते असतील, आत घालून थोडं फिरवलं की टक्‌ आवाज होऊन अडकत असेल, तर तो बहुधा बोवेन्स माउंट. गंमत अशी की बोवेन्स ही कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचा सांधा सगळ्यांनी उचलला. गोडॉक्स, अप्युचर, नॅनलाईट या कंपन्यांचे बरेचसे एलईडी त्याच सांध्याचे येतात. तुमची रिंग तीच निघाली तर एलईडी घेताना एवढी एकच गोष्ट पक्की करा, की तो बोवेन्सचा आहे. छोट्या, हातात मावणाऱ्या काही दिव्यांना कंपनीचा स्वतःचा वेगळा सांधा असतो, तो घेऊन घरी याल आणि मग अॅडॅप्टर शोधत बसाल.

रिंग दुसरी निघाली, एलिंक्रोम किंवा प्रोफोटो कंपनीची, तरी सॉफ्टबॉक्स टाकायचा नाही. काड्यांवर ताणलेल्या सॉफ्टबॉक्सची मधली रिंग बहुतेकदा बदलता येते. काड्या त्याच, कापड तेच, फक्त रिंग नवी. मी अॅडॅप्टरपेक्षा रिंग बदलायला सांगते, कारण अॅडॅप्टर दिव्याला काही सेंटिमीटर मागे ढकलतो. सॉफ्टबॉक्सला ते खपतं. ब्युटी डिशमध्ये दिवा नेमका कुठे बसतो यावरच सगळा खेळ असतो, तिथे ते खपत नाही. शिवाय प्रत्येक जादा सांधा म्हणजे झोल खाण्याची एक जादा जागा.

रिंग बसवताना हाताला एक सवय लावा. दिवा आडवा धरून सॉफ्टबॉक्स चढवू नका. दिव्याचं तोंड आधी आकाशाकडे करा, वरून रिंग ठेवा, फिरवा, टक्‌ ऐकू येऊ द्या. मग सॉफ्टबॉक्स दोन्ही हातांनी धरून उलट्या दिशेने हलकेच फिरवून बघा. फिरला नाही, तरच दिवा खाली वळवा. खटका अर्धवट बसलेला असला की सॉफ्टबॉक्स लगेच पडत नाही. तो थोडा वेळ तसाच राहतो, आणि तुम्ही खाली वाकून दागिना सरळ करत असता तेव्हा मानेवर येतो.

छत्रीला रिंगच लागत नाही. तिची दांडी साधारण ७ ते ८ मिलिमीटरची असते आणि दिव्याच्या किंवा ब्रॅकेटच्या भोकात जाते. एलिंक्रोमच्या काही दिव्यांचं भोक ७ मिलिमीटरचं असतं, त्यात जाड दांडी शिरत नाही. म्हणून एलईडी घ्यायला जाताना छत्री सोबत न्या आणि तिथेच घालून बघा.

स्टँडबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे, "दोन साधे लाईट स्टँड". मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

जोडणीची अडचण येणार नाही. स्टँडच्या माथ्यावरची खुंटी ५/८ इंचाची, म्हणजे १६ मिलिमीटरची असते, आणि फ्लॅश असो की एलईडी, तुमच्या मापाचा जवळजवळ प्रत्येक दिवा तिच्यावर बसतो. खुंटीला मध्ये एक खाच असते. दिव्याचा स्क्रू त्या खाचेत आवळला गेला पाहिजे, तिच्या वर नाही. वर आवळला तर दिवा घट्ट वाटतो, पण उचलला की खुंटीवरून निसटतो. चित्रपटांच्या सेटवरच्या मोठ्या दिव्यांना २८ मिलिमीटरची खुंटी लागते, तिचा तुम्हाला काही संबंध नाही. व्हिडिओ करायचा म्हणजे माईकही येणार, म्हणून एक गोंधळ आधीच सांगून ठेवते. माईकच्या स्टँडलाही ५/८ इंच म्हणतात, पण ते आट्यांचं माप असतं, आणि लाईट स्टँडच्या खुंटीला आटे नसतात, ती गुळगुळीत असते. आकडा एक असला तरी एकावर दुसरं बसत नाही. लाईट स्टँडच्या टोकाला बहुधा १/४ इंचाचा स्क्रू असतो, माईकच्या क्लिपसाठी तेवढा एक छोटा अॅडॅप्टर घ्या.

अडचण आहे ती तोलाची. स्टँडच्या खोक्यावर किती किलो पेलतो ते लिहिलेलं असतं. तो आकडा वजन बरोब्बर डोक्यावर, मधोमध असेल तेव्हाचा. ऑक्टाबॉक्स लावलात की वजन पुढे झुकतं, आणि लांब हातोड्याचं टोक जसं हाताला जड लागतं तसं ते स्टँडला जड लागतं. त्यात एलईडीचा मोठा उष्णताशोषक आणि पंखा. तुमच्या फ्लॅशच्या आणि तुम्ही निवडाल त्या एलईडीच्या वजनात फरक असू शकतो. दुकानातून निघण्याआधी तो हातात धरून बघा, शक्य असेल तर वजनकाट्यावर ठेवा.

वेळेचाही प्रश्न आहे. फ्लॅशच्या कामात दहा मिनिटं फोटो काढले की स्टँड हलतो, दिवा वळतो, तुमचं लक्ष त्याच्याकडे असतं. व्हिडिओत तोच दिवा दोन-दोन तास एका जागी उभा असतो, वर वायर ताणलेली, आणि तुमचं सगळं लक्ष कॅमेऱ्याच्या पडद्यात. मानेचा सांधा हळूहळू सैल होतो आणि सॉफ्टबॉक्स मान टाकतो. एक-दोन अंशांचा तो फरक फोटोत कुणाला कळणार नाही. व्हिडिओत पहिला आणि शेवटचा शॉट शेजारी लावले की प्रकाश घसरलेला स्पष्ट दिसतो.

म्हणून स्टँडचे पाय अर्धवट उघडून ठेवू नका. आडव्या पट्ट्या जमिनीला समांतर होईपर्यंत फाकवा. तीन पायांपैकी एक पाय सॉफ्टबॉक्सच्या बरोब्बर खाली, ज्या बाजूला वजन झुकतं त्या बाजूला आला पाहिजे. लोक नेमका उलटा ठेवतात, कारण पुढचा पाय चौकटीत येतो. येऊ दे, कॅमेरा थोडा सरकवा. वाळूची पिशवी पायावर टाका, पण ती जमिनीला टेकू देऊ नका. टेकली की तिचं वजन जमीन पेलते, स्टँड नाही. वायर दिव्यापासून सरळ खेचून नेऊ नका. स्टँडच्या दांड्याला धरून खाली आणा, पायाशी एक वेढा द्या, मग भिंतीकडे न्या. वायरीत पाय अडकलाच तर धक्का पायाशी बसेल, माथ्याशी नाही.

तुमच्याकडे जागा कमी आहे, तेव्हा भर घालायचीच असेल तर एक सी-स्टँड घ्या. तो जड आहे आणि हलवायला त्रास देतो, पण त्याचे पाय वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे टेबलाखाली सरकतो आणि दोन स्टँड एकमेकांत घुसवून उभे करता येतात. त्याच्या आडव्या दांड्यावर दिवा टांगलात तर नॉब कोणत्या बाजूला ठेवता तेही बघा. वजनाने दांडा खाली ओढला गेला तर नॉब आणखी आवळला जाईल, अशा बाजूला तो हवा. उलट ठेवलात तर तेच वजन तासाभरात त्याला सोडवत आणतं. सगळ्यात उंच पाय वजनाच्या खाली, आणि पिशवी त्याच पायावर.

"सगळं सगळ्याला लागतं" म्हणणारा तिसरा. लागतं, पण लागलं म्हणजे तोच प्रकाश पडतो असं नाही. दागिने करणाऱ्या माणसाला हे सगळ्यात आधी दिसेल.

फ्लॅशवर लावलेल्या सॉफ्टबॉक्सचा पुढचा पडदा काढून आत बघा. काचेची वळलेली नळी दिव्याच्या तोंडातून बाहेर आलेली असते. तिचा प्रकाश पुढे जातो, आडवा जातो, थोडा मागेही जातो, सॉफ्टबॉक्सच्या चंदेरी भिंतींवर आपटतो आणि कोपरे भरतो. एलईडीत असते ती सपाट पिवळी चिप, दिव्याच्या तोंडात थोडी आत बसलेली. तिचा प्रकाश पुढच्या बाजूला, साधारण १२० अंशांत उघडतो. आडवा जवळजवळ जातच नाही. त्यामुळे त्याच सॉफ्टबॉक्सचा मधला भाग जास्त उजळतो आणि कोपरे मागे पडतात. उथळ आणि रुंद सॉफ्टबॉक्समध्ये जास्त, खोलगट ऑक्टाबॉक्समध्ये कमी. ब्युटी डिशमध्ये सगळ्यात जास्त, कारण तिची रचनाच अशी आहे की नळीचा प्रकाश मधल्या तबकडीवर आपटून मागच्या थाळीत पसरावा. सपाट चिपला ते नीट जमत नाही, थाळीची कड अंधारी राहते.

माणसाच्या चेहऱ्यावर हा फरक फारसा जाणवत नाही, त्वचा प्रकाश पसरवून टाकते. घासलेली चांदी मात्र आरसा असते. अंगठीच्या गोलाईवर जी पांढरी पट्टी दिसते ती म्हणजे तुमचा सॉफ्टबॉक्सच, वाकून छोटा झालेला. फ्लॅशवर ती पट्टी एकसारखी पांढरी येते. एलईडीवर तिच्या मधोमध एक भगभगीत ठिपका आणि दोन्ही टोकांना मळकट करडेपणा येऊ शकतो, आणि बघणाऱ्याला चांदीच नीट घासलेली नाही असं वाटतं. तुमच्या हातांची मेहनत अशी वाया जाऊ नये.

याची चाचणी घरी करता येते. डोळ्यांवर विसंबू नका, पेटलेला सॉफ्टबॉक्स डोळ्याला सगळीकडे सारखाच पांढरा दिसतो. कॅमेरा सॉफ्टबॉक्ससमोर ठेवा, पडद्याने चौकट भरून टाका आणि पडदा मध्यम करडा दिसेपर्यंत एक्स्पोजर कमी करत न्या. आता मध्य आणि कोपरे आपोआप वेगळे दिसतील. आधी फ्लॅशचा फोटो घ्या, मग एलईडीचा, आणि दोन्ही शेजारी लावा. फरक जास्त वाटला तर आधी एलईडीसोबत आलेला धातूचा रिफ्लेक्टर काढलाय का ते बघा. तो सॉफ्टबॉक्सच्या आत राहिला तर प्रकाश आणखी आवळला जातो, आणि ही चूक अनेकांकडून होते. मग आतला दुसरा पडदा लावलेला आहे याची खात्री करा. फ्लॅशच्या वेळी तो काढून ठेवायची सवय असेल तर मोडा. एलईडीला तो हवाच.

पण प्रत्येक पडदा प्रकाश खातो, आणि एलईडीकडे तो आधीच कमी असतो.

२०० ज्यूलचा फ्लॅश पूर्ण ताकदीवर उडाला की २०० ज्यूल ऊर्जा एका लखलखाटात मोकळी होते. २०० वॅटचा एलईडी सेकंदाला २०० ज्यूल खातो. व्हिडिओत शटर १/५० सेकंद धरलं, तर एका चौकटीच्या वाट्याला आले ४ ज्यूल. पन्नासावा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेपाच स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एलईडी विजेचा वापर फ्लॅशच्या नळीपेक्षा चांगला करतो, म्हणून प्रत्यक्षात फरक काहीसा कमी पडतो. तरी अंदाज असा धरा, की फ्लॅशवर जो फोटो एफ/८ आणि आयएसओ १०० ला येत होता, त्याच सॉफ्टबॉक्समधून एलईडीवर तो एफ/२.८ आणि आयएसओ ४०० च्या आसपास येईल. फ्लॅश तुम्ही पाव ताकदीवर चालवत असाल तर त्यातले दोन स्टॉप कमी करा. खोलीत मी स्वतः फ्लॅश क्वचितच पाव ताकदीच्या वर नेते, तुमचंही बहुधा तसंच असेल.

एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र इतकं उघडलं की, अंगठीचा पुढचा खडा स्पष्ट येईल आणि मागची कडी विरघळेल. म्हणून ग्रिड, म्हणजे सॉफ्टबॉक्सच्या तोंडावरची कापडी जाळी, एलईडीवर विचार करूनच लावा, तो आणखी एखादा स्टॉप खातो. त्याऐवजी सॉफ्टबॉक्स जवळ आणा. अंतर निम्मं केलं की जवळजवळ दोन स्टॉप परत मिळतात, आणि दागिन्याजवळ सॉफ्टबॉक्स आणायला अडवणारं कुणी नसतं. हा नियम फ्लॅशला आणि एलईडीला सारखाच लागू आहे.

व्हिडिओच्या शटरबद्दल एवढंच, की जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० किंवा १/१२० ठेवा. नाहीतर खोलीतल्या दुसऱ्या दिव्यांचे पट्टे चित्रात सरकताना दिसतील.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, आणि दागिने करणाऱ्यांना तर हात जोडून सांगते. एक डिफ्यूजनची, म्हणजे प्रकाश पसरवणाऱ्या कापडाची, चौकट करा. हलक्या पट्ट्यांची साधारण एक मीटर बाय एक मीटरची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं पांढरं अर्धपारदर्शक डिफ्यूजन कापड. ती एका स्टँडवर उभी करा, आणि तिच्या मागे अर्धा-पाऊण मीटरवर कोणताही दिवा ठेवा. तिला रिंग नाही, माउंट नाही, दिवा लांब असल्याने तापायचा प्रश्न नाही. फ्लॅश काढून एलईडी ठेवलात तरी चौकट जागची हलत नाही. दिवा मागे-पुढे केला की कापडावरचा उजळ भाग लहान-मोठा होतो, तिरका केला की एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू मावळतो. चांदीच्या बांगडीवर अशी मावळती पट्टी पडली की तिची गोलाई हाताने चाचपल्यासारखी दिसते. सॉफ्टबॉक्सने हे इतकं सहज साधत नाही. फ्लॅश आणि एलईडी यांनी वाटून घ्यावं असं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

वाटून वापरण्यात तडजोडच आहे असं मानू नका, त्यात एक फायदाही आहे. पांढरं कापड जुनं झालं की पिवळसर होतं, आणि प्रत्येक कापडाची छटा थोडी निराळी असते. फोटो एका सॉफ्टबॉक्समधून आणि व्हिडिओ दुसऱ्यातून घेतलात, तर सोन्याचा रंग दोन्हीकडे वेगळा येईल, आणि घेणारा विचारेल यातला खरा कोणता. कापड तेच असेल तर निम्मा फरक तिथेच मिटतो. उरलेला फ्लॅशच्या आणि एलईडीच्या स्वतःच्या छटेचा. त्यासाठी एलईडी ५६०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या छटेचा, घ्या किंवा तेवढ्यावर लावा, आणि दोन्ही वेळा करडं कार्ड धरून व्हाईट बॅलन्स वेगवेगळा घ्या.

कामाच्या दिवशी एकच सॉफ्टबॉक्स सारखा काढ-घाल करत बसू नका. रिंगा झिजतात आणि घाईत खटका अर्धा बसतो. ट्रायपॉडवर ठेवलेल्या, न हलणाऱ्या दागिन्याचा फोटो तुम्ही एलईडीवरही काढू शकता. एफ/११ ठेवा, आयएसओ १००, आणि शटर अर्धा सेकंद लागलं तरी बिघडत नाही. म्हणजे व्हिडिओ झाला की त्याच प्रकाशात फोटोही काढून मोकळे व्हा. फ्लॅश राखून ठेवा तो माणसांसाठी. दागिना घातलेला हात हलतो, कानातलं झुलतं, आणि तिथे त्या क्षणाच्या लखलखाटाला पर्याय नाही. शिवाय डोळ्यांसमोर तासभर पेटलेला एलईडी असला की माणूस डोळे बारीक करतो, बाहुल्या आकसतात. फ्लॅशमध्ये खोली मंद ठेवता येते आणि चेहरा निवांत राहतो.

एलईडी आला की पडद्याची ती करडी चाचणी करा, ऑक्टाबॉक्स आणि चौकोनी सॉफ्टबॉक्स दोन्हींवर. ते चारही फोटो मला पाठवा, सोबत तुमच्या रिंगच्या मागच्या बाजूचाही एक. कोणता सॉफ्टबॉक्स एलईडीला द्यायचा आणि कोणता फ्लॅशवर ठेवायचा, ते फोटो बघून आपण ठरवू.